कुंभार्ली उतरून घरी

वाचकहो, सह्याद्री ओलांडून कोकणात उतरणाऱ्या वाटा पुष्कळ आहेत. परंतु पुण्याच्या वसतिगृहातून उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी गुहागर तालुक्यातील आपल्या घरी निघालेल्या विद्यार्थ्याची वाट बहुधा एकच असते. सातारा मागे टाकून उंब्रजला महामार्ग सोडायचा, पाटणवरून कोयनानगर गाठायचे आणि कुंभार्लीचा घाट उतरून चिपळूणला यायचे. तेथून मार्गताम्हाणे, शृंगारतळी करीत एस.टी. गुहागरात शिरते. तुमच्या घरातले कोणी या वाटेने येत असेल, तर मे महिन्यात एकदा तुम्हीही त्याच्यासोबत हा प्रवास करून पाहा. शहरात राहून शरीराला कोणत्या सवयी लागल्या आहेत आणि घर त्या शरीराकडून काय मागते, हे या वाटेवर फार लवकर कळते.

कोयनानगरला गाडी थांबते तेव्हा हवा अजून हलकी असते. सकाळची वेळ असेल तर किंचित गारवाही असतो. पुढे घाट सुरू होतो आणि थोड्याच अंतरात गाडी काही शे मीटर खाली येते. कानांना दडे बसतात. आवंढा गिळला की ते सुटतात, कारण गिळण्याच्या क्रियेने घसा आणि कान यांना जोडणारी नलिका क्षणभर उघडते व दोन्हीकडचा दाब सारखा होतो. त्यानंतरची वळणे मात्र अनेकांना सोसत नाहीत. गाडी लागते ती पोटामुळे नव्हे. अंतर्कर्ण सांगत असतो की शरीर हलते आहे आणि मोबाइलवर खिळलेले डोळे सांगत असतात की ते स्थिर आहे. मेंदूला या दोन साक्षींचा मेळ घालता येत नाही आणि त्याची शिक्षा पोटाला भोगावी लागते. म्हणून पुढच्या बाजूचे आसन घ्यावे, नजर दूरच्या रस्त्यावर ठेवावी, मोबाइल खिशात ठेवावा. घाटापूर्वी तेलकट वडापाव टाळावा, पण उपाशीही राहू नये. उलटीची गोळी घ्यायची असेल तर निघण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास घ्यावी; घाटात मळमळू लागल्यावर घेतलेली गोळी बहुधा बाहेरच येते.

पोफळी मागे पडली की हवा बदलते. अंगावर कोणी ओले फडके टाकावे तशी ती वाटते. या बदलाकडे शहरातून आलेली मुले दुर्लक्ष करतात, म्हणून येथे थोडे थांबतो.

पुण्यातील मे महिन्याचे ऊन अधिक तापते, पण हवा कोरडी असल्याने घाम उडून जातो आणि अंग निवते. गुहागरात तापमापकाचा आकडा पुण्यापेक्षा कमी दिसेल, तरी समुद्राच्या दमट हवेत घाम उडतच नाही. तो नुसता वाहतो. घाम वाहिल्याने पाणी आणि मीठ जाते, गारवा मात्र मिळत नाही. शरीराला नव्या उष्म्याची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात घामातून जाणाऱ्या मिठाचे प्रमाण कमी होते, घाम लवकर आणि अधिक येऊ लागतो, हृदयावरचा ताण उतरतो. ही सवय होण्यापूर्वीच, आल्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी मित्रांसह क्रिकेट खेळायला गेलेले तरुण माझ्याकडे पायांत गोळे आल्याची, डोके गरगरल्याची तक्रार घेऊन येतात. अशांसाठी सावली, विश्रांती आणि मीठ-साखरेचे पाणी पुरते. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, एवढेच त्याचे माप. मात्र उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला किंवा त्याची शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. मग तोंडाने काही पाजू नये. अंगावर पाणी ओतीत, वारा घालीत त्याला रुग्णालयात न्यावे. गाडी येईपर्यंतची मिनिटे अंग गार करण्यातच घालवावीत.

आता गुहागरात उतरा. हे गाव लांबट आहे. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत रस्त्याच्या दोन्ही हातांना घरे. वरचा पाट, खालचा पाट ही नावे ऐकली की नारळी-पोफळीच्या बागांना पाटाने फिरणारे पाणी डोळ्यांपुढे येते. श्री व्याडेश्वराचे देवस्थान गावाच्या मध्यावर आहे. रस्त्याकडून घरात शिरावे तर आधी अंगण, मग ओटी, माजघर, मागची पडवी, मागीलदारी विहीर, त्यापुढे पोफळींची वाडी आणि वाडीच्या टोकाला सुरूच्या झाडांतून दिसणारी पुळण. घराच्या मागल्या दाराने समुद्रावर जाता येते, असे हे गाव आहे. मी या तालुक्यात पंचवीस वर्षांहून अधिक काळ व्यवसाय करतो आहे, तरी मे महिन्यातील इथल्या मागीलदाराचा वास मला अजून नवा वाटतो. आढीत पिकणारे आंबे, उन्हात पसरलेली रातांब्यांची सोले, कोठे भाजल्या जाणाऱ्या काजूबियांचा उग्र धूर, असा तो मिश्र वास आहे.

आणि या घरात, माजघरातल्या पंख्याखाली, सकाळी अकरा वाजता झोपलेला वसतिगृहातून आलेला मुलगा. घरोघरी हे दृश्य असते आणि घरोघरी त्यावर बोलणी होतात. या झोपेची बाजू मी थोडी घेणार आहे. वयात आल्यापासून साधारण विसाव्या वर्षापर्यंत शरीरातील घड्याळ निसर्गतःच उशिराकडे सरकते. रात्री झोप उशिरा येते, सकाळी उशिरा उघडते. त्यात वसतिगृहातली जागरणे, परीक्षा आणि हातातला पडदा यांची भर पडते. घरी आल्यानंतरच्या पहिल्या चार-सहा दिवसांत मूल दहा-दहा तास झोपले तर ती साठलेल्या जागरणाची फेड असते. ती होऊ द्यावी. त्यानंतर झोपण्याची वेळ ठरवून देण्यात अर्थ नसतो, कारण झोप हुकमाने येत नाही. उठण्याची वेळ मात्र ठरविता येते. दर दोन-तीन दिवसांनी अर्धा तास अलीकडे आणावी आणि उठताक्षणी मुलाला उजेडात न्यावे. सकाळच्या उजेडाने शरीराचे घड्याळ मागे येते. यासाठी मागील दार पुरेसे आहे. वाडीतले शिंपणे सकाळीच असते.

जेवणाबद्दल गृहिणींना मी काय सांगावे! मूल येणार म्हटले की आठ दिवस आधी कुळथाचे पीठ दळून तयार असते. तरी एक निरीक्षण नोंदवितो. वसतिगृहातील खाणावळीच्या जेवणाला कंटाळलेली मुले न्याहारी सोडतात, रात्री मैद्याचे काहीतरी खातात आणि दिवसभर चहा पितात. मुलींमध्ये याचा परिणाम रक्तावर दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. म्हणजे ज्या घरात तुम्ही हे पाक्षिक वाचीत आहात, त्या घरातही ही शक्यता निम्म्याहून अधिक आहे.

एका मुलीची हकीकत सांगतो. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत. पुण्यात दुसऱ्या वर्षाला शिकणारी, पूर्वी कबड्डी खेळणारी मुलगी. आई म्हणाली, "डॉक्टर, कॉलेजला गेल्यापासून फार आळशी झालीय हो ही. विहिरीवरून कळशी आणली तरी बसते." मुलगी काही बोलली नाही. तिच्या खालच्या पापणीचा आतला भाग पांढुरका होता. नाडी जलद होती. मासिक पाळीबद्दल विचारले तेव्हा आईने उत्तर दिले, "नियमित आहे." आई बाहेर गेल्यावर मुलीने सांगितले की दीड वर्षापासून सात-सात दिवस रक्तस्राव होतो आणि रात्री दोनदा उठावे लागते. वसतिगृहात सगळ्याच मुलींचे असेच असते, असे तिला वाटत होते. रक्त तपासले, हिमोग्लोबिन ८.१ ग्रॅम निघाले. बाईमाणसाचे ते किमान १२ असावे. आळस नावाचा आजार वैद्यकाच्या कोणत्याही पुस्तकात नाही. पण आळस म्हणून आणलेल्या तरुण मुलींमध्ये रक्तक्षय, थायरॉइडची मंदी आणि ब१२ जीवनसत्त्वाची कमतरता मला वारंवार सापडते. शुद्ध शाकाहारी घरांत ब१२चा विचार विशेष करावा. दूध-दह्यातून ते काही प्रमाणात मिळते, भाजी-भाकरीतून मिळत नाही.

तिला लोहाच्या गोळ्या दिल्या, आणि रक्तस्राव अधिक का होतो याच्या तपासणीसाठी चिपळूणच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठविले. आजीने विचारले, "गोळ्या कशाला? कुळीथ आहे, खजूर आहे, गूळ आहे." कुळथात लोह चांगले असते हे खरे. त्याचे पिठले कैरीच्या फोडीबरोबर खाल्ले तर कैरीतील क जीवनसत्त्वामुळे ते लोह अंगी अधिक लागते. जेवणानंतर लगेच चहा घेतला तर त्यातील टॅनिनमुळे लागत नाही. चहा तासा-दीड तासाने घ्यावा. मात्र रिकामी झालेली विहीर ओंजळीने भरत नाही. हिमोग्लोबिन ८ असताना आहार हा गोळ्यांना जोड म्हणून असतो, गोळ्यांच्या ऐवजी नसतो. हिमोग्लोबिन पूर्वपदावर आल्यावरही गोळ्या साधारण तीन महिने चालू ठेवाव्या लागतात, कारण शरीराचे लोहाचे कोठार त्यानंतर भरते. बहुतेक मुली महिन्याभरात बरे वाटू लागताच गोळ्या बंद करतात आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा तशाच दमलेल्या येतात.

आंब्याविषयी न लिहिता कोकणाबद्दल लिहिले तर वाचक रागावतील. आंबा खाल्ल्याने उष्णता होऊन तोंडाभोवती फोड येतात, असे सर्वत्र मानले जाते. पुष्कळदा ते फोड देठाजवळच्या चिकामुळे येतात. आंबा, काजू आणि बिब्बा ही एकाच कुळातील झाडे. तिघांच्याही चिकात त्वचेला भाजणारी द्रव्ये असतात. झाडावरून काढलेला आंबा तसाच चोखणाऱ्या मुलांच्या ओठांना आणि काजूबिया सोलणाऱ्यांच्या बोटांना एकाच प्रकारची इजा होते. आंबा देठाकडून कापून चीक गळू द्यावा, धुवावा, पाण्यात ठेवावा. आजी आंबे पाण्यात का टाकते, याचे उत्तर यातच आहे. कोकमाच्या आगळाबद्दल मात्र सावधगिरीचा शब्द: त्यात मीठ भरपूर असते. घरात रक्तदाबाचे रुग्ण असतील तर त्यांच्यासाठी आमसुले भिजवून वेगळे सार करावे.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येतो.

एका वर्षीच्या मे महिन्यात एक आजीबाई रक्तदाब तपासण्यासाठी आल्या. सोबत नातू होता, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला, वीस वर्षांचा. रक्तदाब दहा दिवसांपूर्वीच तपासला होता, तो उत्तम होता. आजीबाई म्हणाल्या, "आल्यापासून नुसता निजून असतो मेला. रात्रीचा ओटीवर बसून राहतो. आणि डॉक्टर, आंब्याला नको म्हणाला." हे शेवटचे वाक्य त्यांनी अगदी हलक्या आवाजात सांगितले. ज्या घरचा मुलगा आढीतला पहिला आंबा कोणाला मिळणार यावरून भांडत वाढला, त्याने आंबा नाकारावा याचा अर्थ त्यांना बरोबर कळला होता. आवडीच्या गोष्टीतला रस निघून जाणे हे नैराश्याचे मुख्य लक्षण आहे. उदासपणा, झोप बिघडणे, भूक मरणे, लक्ष न लागणे, स्वतःला निकामी समजणे ही इतर लक्षणे. यांतली बरीचशी रोजच्या रोज दोन आठवडे किंवा अधिक टिकली, तर ते सुट्टीतले सुस्तावणे राहत नाही.

आजीबाईंना बाहेर बसवून मी त्याच्याशी बोललो. चार विषय राहिले होते. निकाल लागून महिना झाला होता आणि घरी त्याने सांगितले होते की निकाल लागायचा आहे. वडील आंब्याच्या बागा कराराने घेतात. दोन वर्षे हंगाम पडला होता आणि शुल्कासाठी कर्ज काढले होते. हे सर्व तो जमिनीकडे पाहत सांगत होता. मी त्याला सरळ विचारले, "जगूच नये असं मनात येतं का?" तो म्हणाला, "काका, झोपेतून उठूच नये असं वाटतं." काही ठरविले आहे का, हेही विचारले. ठरविले नव्हते.

वाचकहो, हा प्रश्न विचारायला आईवडील फार भितात. विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल, अशी ती भीती असते. ती निराधार आहे. विचारल्याने धोका वाढत नाही. बहुधा माणसाचा श्वास मोकळा होतो, कारण जे ओझे तो एकटा वाहत होता त्याला आता नाव मिळालेले असते. प्रश्न साध्या शब्दांत विचारावा, "असं वेड्यासारखं काही मनात नाही ना?" असा विचारू नये. त्या प्रश्नाला उत्तर एकच येते, "नाही."

वीस वर्षांचा मुलगा कायद्याने सज्ञान असतो. वडिलांना काय सांगायचे आणि काय नाही, हे मी त्याला विचारून ठरविले. विषय राहिल्याचे मी सांगावे, असे तो म्हणाला. त्याला ते जमत नव्हते. मनात येणाऱ्या विचारांबद्दल घरच्यांना सांगणे भाग आहे, हे मात्र मी त्याला स्पष्ट केले. त्याच संध्याकाळी वडील आले. ऐकून घेतले. बराच वेळ गप्प बसले. मग विचारले, "किती विषय?" मी सांगितले, "चार." "आणि औषधांनी बरा होईल?" "होईल. वेळ लागेल." यापलीकडे ते काही बोलले नाहीत. घरी जाऊन त्यांनी जे केले, ते मी सांगितलेल्यापैकी पहिले काम होते: पडवीतील फवारणीची कीटकनाशके उचलून बागेतल्या खोलीत कुलपात ठेवली आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. बागायतदारांच्या घरांतून ही औषधे पडवीत उघड्यावर असतात. निराशेचा तीव्र झटका पुष्कळदा काही तासांत ओसरतो. त्या तासांत हाताशी घातक वस्तू नसणे हे उपचाराइतकेच महत्त्वाचे आहे. घरात असे मूल असो वा नसो, कुलूप लावाच.

रत्नागिरी जिल्ह्यात मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्याबद्दल एक जुनी अडचण आहे. राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीत आहे. इतर तीन ठाणे, पुणे आणि नागपूरला. इतक्या जवळ सोय असल्याचा लाभ व्हावा, तर आपल्याकडे "रत्नागिरीला नेला" हा शब्दप्रयोगच टोमणा होऊन बसला. आज नैराश्याच्या बहुतेक रुग्णांना कोठेही दाखल व्हावे लागत नाही. बाह्यरुग्ण विभागात जाऊन, बोलून, औषध घेऊन घरी येता येते. औषधांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक लागतात, आणि पहिल्या काही दिवसांत घरच्यांनी अधिक लक्ष ठेवावे लागते, एवढे समजून घ्यावे. मध्यरात्री कोणाशी बोलावेसे वाटले तर केंद्र शासनाची टेली मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. क्रमांक १४४१६. ती विनामूल्य असते, चोवीस तास असते आणि तेथे मराठीत बोलता येते. हा क्रमांक कॅलेंडरवर लिहून ठेवा.

मुलाचे उपचार सुरू झाले. वडिलांनी उपदेश केला नाही, याचे मला आजही आश्चर्य वाटते, कारण बोलघेवडेपणात आमचा तालुका कोणाला हार जाणारा नाही. पहाटे साडेपाचला ते त्याला फक्त हाक मारीत, "ऊठ, शिंपायचं आहे." दोघे वाडीत जात. एकाने पाटाचे पाणी फोडायचे, दुसऱ्याने आळ्यात वळवायचे. तासाभराच्या या कामात दहा शब्दही होत नसत, असे वडिलांनीच सांगितले. उदास माणसाला आधी उत्साह येईल आणि मग तो कामाला लागेल, असे होत नाही. क्रम बहुधा उलटा असतो. हात हलू लागले की उत्साह मागाहून, लंगडत येतो. सकाळचा उजेड, अंगमेहनत, सोबत आणि ठरलेली वेळ या चार गोष्टी औषधांना जोड देतात, हे आता मानसोपचारातही मान्य आहे. मे महिन्याच्या अखेरीस आजीबाईंनी शेजारणीबरोबर मला निरोप पाठविला: आज अर्धा आंबा खाल्ला. उरलेला अर्धा भाचरांना दिला.

जूनमध्ये तो परतला नाही. राहिलेल्या विषयांची परीक्षा पुढे होती; तोपर्यंत घरीच राहून अभ्यास आणि उपचार करायचे ठरले. शेजारी विचारीत, तेव्हा घरचे "तब्येत बरी नाही" एवढेच सांगत, आणि ते खरेच होते.

इतर मुलांच्या सुट्टीकडे वळू. रात्री गरम होते म्हणून मुले ओटीवर, अंगणात अंथरूण टाकतात. आपल्या जांभ्या दगडाच्या प्रदेशात फुरसे आहे, मण्यार आहे आणि लाल विंचू आहे. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. तिच्या दंशाला दुखणे जवळजवळ नसते. पहाटे पोटात दुखणे, पापण्या जड होऊन मिटू लागणे, गिळता न येणे हीच पहिली चिन्हे असू शकतात. म्हणून खाट वापरावी, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी, मागीलदारी जाताना बॅटरी न्यावी. पान लागले अशी शंका जरी आली, तरी दंशाचा अवयव न हालविता थेट रुग्णालय गाठावे. कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांतले काही करू नये. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच प्रतिविष चालते, त्यामुळे साप मारून आणण्याची गरज नाही. विंचवाच्या बाबतीत कोकणाने जगाला काही दिले आहे. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि पूर्वी हमखास दगावणारे रुग्ण वाचू लागले. दंशानंतर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसली तर एक मिनिटही मांत्रिकाकडे घालवू नये.

समुद्राबद्दल. गुहागरची पुळण सपाट आणि शांत दिसते. तेवढ्यावर विसंबू नये. वर्षभर शहरात राहून आलेला स्थानिक मुलगा पर्यटकापेक्षा अधिक धोक्यात असतो, कारण समुद्र आपल्या ओळखीचा आहे असे त्याला वाटते, पण छाती-दंडांची ताकद वर्षभरात उतरलेली असते. येताना पुण्याचे मित्र आलेले असतात, त्यांना पोहता येत नसते. भरतीच्या वेळेचा जुना हिशेब आजोबांना विचारा: तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ ढोबळ मानाने कळते. अष्टमी असेल तर सहा वाजता. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून हा हिशेब जमतो. ओहोटी लागली असताना कमरेपलीकडे पाण्यात जाऊ नये. ओढ लागलीच तर किनाऱ्याकडे झुंजत येण्यात दम घालवू नये, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर पडावे आणि मग आत यावे. मद्य घेतलेल्याला पाण्यात उतरू देऊ नये. मित्रांनी रागावले तरी चालेल.

पावसाचे वेध लागले की घराघरांतून बोचकी बांधली जातात. आंब्याची साठे, फणसपोळी, मेतकूट, आमसुले. या बोचक्यात रक्ताच्या तपासणीचा कागद आणि चालू औषधांची चिठ्ठी ठेवावी. मुलीच्या लोहाच्या गोळ्या किती महिने राहिल्या, ते तिच्याच मोबाइलमध्ये नोंदवून द्यावे. रोजच्या फोनवर आधी जेवण आणि झोप विचारावी, गुण मागाहून. गणपतीत मूल पुन्हा येईल तेव्हा वजन आणि हिमोग्लोबिन एकदा पाहून घ्यावे. आणि पाऊस एकदा जोरात लागला की कुंभार्लीत दरडींचे भय असते, तेव्हा परतीसाठी रात्रीची गाडी घेऊ नये, सकाळच्या एस.टी.चे, पुढच्या बाजूचे आसन आधीच राखून ठेवावे.